वर्षअखेरची बाजी

ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंग स्टेडियम आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या आणि पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक आमच्या गावाच्या नावे नोंदले गेले. (महिलांच्या क्रिकेटमध्ये हा पराक्रम ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी १९९७ सालीच, तोही मुंबईत, केला होता, पण ही गोष्ट विचारली असता दहांतील नऊ जण मान हलवतात.) तथापि ज्यांचे नाव या मैदानास दिले आहे ते रूपसिंग क्रिकेटपटू नव्हते. मेजर ध्यानचंद यांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते आणि हॉकी खेळत. १९३२ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत भारताने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला, तेव्हा त्या चोवीस गोलांपैकी दहा एकट्या रूपसिंगांचे होते.

गोल्फवरील लेखाचा आरंभ आम्ही हॉकीपासून केला, यास कारण आहे. त्याच लॉस एंजेलिसमध्ये, त्याच ऑगस्ट महिन्यात, टेक्सास प्रांतातील एकवीस वर्षांची एक तरुणी मैदान गाजवीत होती. तिचे नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. सारे जग तिला ‘बेब’ म्हणे. भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत तिने सुवर्णपदके मिळवली आणि उंच उडीत रौप्यपदक. पुढे विवाहानंतर बेब झहारियस या नावाने त्या गोल्फ खेळू लागल्या, आणि १९५० साली ज्या तेरा स्त्रियांनी मिळून अमेरिकेत महिला व्यावसायिक गोल्फ खेळाडूंची संघटना स्थापन केली, त्यांत त्या अग्रभागी होत्या. आज जगातील सर्वांत मोठी मानली जाणारी महिलांची गोल्फमालिका हीच संघटना चालविते. त्या मालिकेच्या अखेरच्या स्पर्धेची ओळख करून द्यावी, हा आमचा हेतू आहे.

प्रथम खेळ कसा असतो ते थोडक्यात पाहू. गोट्या खेळताना जमिनीत जी गल खणतात ती आठवावी. गोल्फमध्ये अशा अठरा गली असतात. त्या काहीशे यार्डांच्या अंतराने हिरवळीवर पसरलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा व्यास सव्वाचार इंच. पंचेचाळीस ग्रॅमहून थोडा अधिक वजनाचा चेंडू काठीने टोलवीत टोलवीत तीत पोहोचवावयाचा. कोणती गल किती फटक्यांत पुरी व्हावी याचे एक प्रमाण ठरलेले असते. त्यास ‘पार’ म्हणतात. बहुतेक मैदानांवर अठरा गलींचे पार मिळून ७२ च्या आसपास भरते. पारहून एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’. क्रिकेटमध्ये जितक्या धावा अधिक तितके बरे. येथे सर्व उलटे आहे. जो कमी फटक्यांत आटोपतो तो श्रेष्ठ. मोठ्या स्पर्धा बहुधा चार दिवस चालतात, रोज अठरा गली.

आणखी एक विशेष. या खेळात प्रत्येक खेळाडूमागे पंच धावत नसतो. सोबतची प्रतिस्पर्धीच तुमचे फटके लिहून घेते, शेवटी तुम्ही ते तपासून सही करावयाची; आणि प्रत्यक्षाहून कमी आकड्यावर सही झाली तर त्याचा दंड भारी पडतो. आमच्या मते शाळेच्या मैदानावर हा खेळ नसला तरी ही रीत आणण्यास काही हरकत नसावी.

आता व्यावसायिक खेळाडूचा वर्षक्रम पाहू. आज थायलंड, पुढच्या पंधरवड्यात अमेरिका, मग इंग्लंड, मग जपान, अशी ही भटकंती चालते. प्रवास, मुक्काम, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या सोबत्याचे वेतन (त्यास ‘कॅडी’ म्हणतात) हा सारा खर्च खेळाडूचा. बहुतेक स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेल्या खेळाडूंस बाहेर काढतात आणि त्या आठवड्याची त्यांची कमाई शून्य असते. विमानाचे भाडे मात्र द्यावेच लागते. आरंभीच्या त्या तेरा जणींचा काळ तर याहून कठीण होता. मोटारींतून गावोगाव जावे, मैदान स्वतःच आखावे, नियमांचे वादही आपसांतच मिटवावेत, असे त्यांचे दिवस. बेब झहारियस यांच्यावर १९५३ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेची खुली महिला स्पर्धा त्यांनी बारा फटक्यांच्या अंतराने जिंकली. १९५६ मध्ये त्या निवर्तल्या.

वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबरात, मालिकेची शेवटची स्पर्धा होते. तिचे आजचे नाव ‘सीएमई ग्रुप टूर चॅम्पियनशिप’. तिचा आरंभ २०११ साली झाला आणि २०१३ पासून ती फ्लोरिडा प्रांतातील नेपल्स या गावी, टिबुरॉन गोल्फ क्लबच्या मैदानावर भरते. (इटलीतील नेपल्सशी याचा संबंध नाही.) येथे कोणासही प्रवेश अर्ज करून मिळत नाही. वर्षभर प्रत्येक स्पर्धेतील क्रमांकानुसार गुण मिळत जातात. साधी स्पर्धा जिंकल्यास ५००, प्रमुख स्पर्धांस त्याहून अधिक. ज्यांचे गुण सर्वाधिक अशा साठ जणींनाच नेपल्सचे दार उघडते. एकदा आत शिरल्यावर मात्र मध्येच कोणास काढीत नाहीत. साठावी आली तरी ती रिकाम्या हाती परतत नाही.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. खरा प्रश्न पुढे येतो. वर्षभर उत्तम खेळलेली खेळाडू मोठी, की अखेरच्या चार दिवसांत बाजी मारणारी?

या प्रश्नाचे उत्तर संघटनेने दोन वेळा दोन प्रकारे दिले आहे. २०१४ ते २०१८ या काळात दोन निरनिराळी बक्षिसे असत. अखेरची स्पर्धा जिंकणारीस तिचे बक्षीस; आणि वर्षभराचे गुण व या स्पर्धेतील कामगिरी मिळून जी पुढे राहील तिला दहा लक्ष डॉलर. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या लिडिया को यांनी अवघ्या सतराव्या वर्षी दोन्ही पटकावली. परंतु २०१७ साली जे घडले त्यात ही दोन मापे एकमेकींपासून स्पष्ट वेगळी झाली. अमेरिकेच्या लेक्सी थॉम्प्सन अखेरच्या दिवशी शेवटच्या गलीपाशी उभ्या होत्या. चेंडू गलीपासून सुमारे दोन फुटांवर; आपल्यापैकी एखाद्या मुलीनेही तो सहज घातला असता. तो हुकला. मागून येणाऱ्या थायलंडच्या आरिया जुतानुगार्न यांनी शेवटच्या दोन्ही गलींवर बर्डी साधली आणि एका फटक्याने अजिंक्यपद नेले. तरीही वर्षाचे दहा लक्ष डॉलर थॉम्प्सन यांनाच मिळाले, आणि वर्षभरात दर फेरीस सरासरीने सर्वांत कमी फटके घेतल्याबद्दलचा सन्मानही. दोन फुटांचा तो एक चेंडू त्यांचे वर्ष पुसून टाकू शकला नाही.

२०१९ पासून ही पद्धत मोडली. आता वर्षभराचे गुण केवळ दारापर्यंत नेतात. आत गेल्यावर साठही जणी सारख्याच. ज्या वर्षी ही रीत आली त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या किम से-यंग यांनी अखेरच्या गलीवर सुमारे पंचवीस फुटांवरून चेंडू घालून एका फटक्याने विजय मिळवला आणि पंधरा लक्ष डॉलर घेतले. २०२४ मध्ये पहिले बक्षीस चाळीस लक्ष डॉलर झाले. त्या वर्षी अमेरिकेच्या एंजल यिन दोन गली शिल्लक असता दोन फटक्यांनी पुढे होत्या. थायलंडच्या जीनो थिटिकुल यांनी सतराव्या गलीवर ईगल आणि अठराव्या गलीवर बर्डी केली. अंतर पुन्हा एका फटक्याचे. पहिलीस चाळीस लक्ष, दुसरीस दहा लक्ष! थिटिकुल यांनी २०२५ मध्येही हीच स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचा विजय दैवयोगाचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही; पण एका फटक्याचे मोल तीस लक्ष डॉलर असावे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आम्हांस स्वतःस जुनी, दोन बक्षिसांची रीत अधिक न्याय्य वाटते. प्रेक्षकांस नवी आवडते, हे उघड आहे. बक्षिसाची रक्कम वाढली हे योग्यच झाले. कारण २०२४ सालीच पुरुषांच्या अमेरिकन मालिकेत वर्षअखेरच्या विजेत्यास अडीच कोटी डॉलर मिळाले होते. चाळीस लक्षांचा आकडा वाचून ज्यांचे डोळे विस्फारले असतील त्यांनी ही तुलना ध्यानात ठेवावी.

आपल्या देशाकडे वळू. गोल्फ भारतास नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा आहे. पण तो दीर्घकाळ साहेबांचा आणि क्लबांचा खेळ राहिला, आणि स्त्रियांनी त्यावर पोट भरावे ही कल्पना अगदी अलीकडची. कलकत्त्याच्या स्मृती मेहरा या अमेरिकन मालिकेत खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. आता देशातही महिलांची व्यावसायिक मालिका वर्षभर टप्प्याटप्प्याने चालते. परदेशात नाव मिळविणाऱ्यांत दीक्षा डागर यांचा उल्लेख केलाच पाहिजे. श्रवणदोष असूनही त्यांनी युरोपच्या मालिकेत दोन स्पर्धा जिंकल्या आहेत. मात्र वर्षअखेरची स्पर्धा जिंकण्याचा मान बंगलोरच्या अदिती अशोक यांचा. ती स्पर्धा नेपल्सची नव्हे, युरोपच्या महिला मालिकेची.

पाचव्या वर्षी हाती काठी घेतलेल्या या मुलीने २०१६ साली, अठराव्या वर्षी, गुरगावात भारताची खुली महिला स्पर्धा जिंकली. युरोपच्या मालिकेत विजयी झालेल्या त्या पहिल्या भारतीय. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, त्यांची पिशवी त्यांच्या आईने वाहिली. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानी असलेल्या अदिती चौथ्या आल्या; पदक एका फटक्याने गेले. त्या दिवशी ज्या घरांत गोल्फचे नावही कोणी घेतले नव्हते तेथेही भल्या पहाटे दूरदर्शन संच लागले होते.

पण आम्हांस त्यांचे २०२३ हे वर्ष अधिक बोधक वाटते. फेब्रुवारीत केनिया येथे युरोपच्या मालिकेची पहिली स्पर्धा झाली. ती अदितींनी नऊ फटक्यांनी जिंकली. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धांचा अखेरचा दिवस त्यांनी सात फटक्यांची आघाडी घेऊन सुरू केला. सात फटके म्हणजे क्रिकेटमध्ये पहिल्या डावातच तीनशेची आघाडी घ्यावी तसे. त्या दिवशी त्यांना ७७ फटके लागले. थायलंडच्या खेळाडूने सुवर्ण नेले, अदितींना रौप्य मिळाले. आशियाई स्पर्धांत गोल्फचे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या; तरी दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती हातच्या गेलेल्या सुवर्णाचीच.

आठ आठवड्यांनी, २६ नोव्हेंबर रोजी, स्पेनमधील मार्बेया गावी लास ब्रिसास मैदानावर युरोपच्या मालिकेची वर्षातील शेवटची स्पर्धा संपली. अखेरच्या दिवशी अदितींना ६६ फटके लागले आणि नेदरलँड्सच्या अ‍ॅन व्हॅन डॅम यांना मागे टाकून स्पेनची खुली स्पर्धा त्यांनी जिंकली. वर्षाची पहिली स्पर्धा त्यांची आणि शेवटचीही त्यांचीच. दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. हांगचौस चार दिवसांअखेर त्या पारहून सतरा फटके कमी होत्या आणि दोन फटक्यांनी हरल्या. मार्बेयासही त्या पारहून सतरा फटके कमी होत्या, आणि दोन फटक्यांनी जिंकल्या.