शून्य कोणी मोजले?

(विज्ञानात आकड्यांना फार महत्त्व आहे. आकडा किती लांब आहे, यापेक्षा तो किती खरा आहे हे महत्त्वाचे असते. वसईच्या सहलीतील एका प्रसंगातून ही गोष्ट या पाठात सांगितली आहे.)

आमच्या वर्गाची सहल वसईजवळच्या एका मिठागरात गेली होती. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत साठवतात. उन्हाने पाणी आटते आणि मीठ खाली राहते. हे सारे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मग सर म्हणाले, "एका वाफ्याचे क्षेत्रफळ काढा."

माझ्या गटाने टेपने लांबी मोजली. टेपवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या. लांबी १२.३५ मीटर भरली. इतक्यात टेप पाण्यात पडली आणि अडकून बसली. तेथे काम करणाऱ्या काकांनी आम्हांला एक लांब काठी दिली. तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला एक खूण होती. तिने रुंदी ७.८ मीटर भरली.

वहीत १२.३५ च्या शेजारी ७.८ हा आकडा मला अपुरा वाटला. म्हणून मी हळूच त्याच्यापुढे शून्य लिहिले. गुणाकार केला आणि ऐटीत सांगितले, "सर, ९६.३३ चौरस मीटर!"

सरांनी वही पाहिली. ते म्हणाले, "७.८० मधले शून्य कोणी मोजले?"

मी गप्प राहिलो. मग खरे ते सांगून टाकले.

सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाळ, ७.८ आणि ७.८० यांची किंमत गणितात सारखीच आहे. पण विज्ञानात ७.८० म्हणजे 'मी सेंटिमीटरपर्यंत मोजले' अशी ग्वाही आहे. तू मोजले नाहीस, म्हणून ती ग्वाही खोटी ठरते. बरे, ९६.३३ मधला शेवटचा ३ तुला कुठे दिसला?"

"गुणाकारात, सर."

"गुणाकारात दिसला, मिठागरात नाही! तुमची रुंदी ७.७५ ते ७.८५ मीटर यांच्यामध्ये कोठेही असू शकते. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९५.७ ते ९६.९ होईल. ९६ मधल्या ६ चीच जेमतेम खात्री, मग पुढचे अंक कशाला?"

मोजमापातील ज्या अंकांवर विश्वास ठेवता येतो, त्यांना सार्थ अंक म्हणतात. त्यांतील शेवटचा अंक थोडा अंदाजाचा असतो. १२.३५ मध्ये चार सार्थ अंक आहेत, ७.८ मध्ये दोन. गुणाकार किंवा भागाकार करताना ज्या संख्येत सार्थ अंक सर्वांत कमी, तितकेच अंक उत्तरात ठेवावेत. म्हणून आमचे उत्तर ९६ चौरस मीटर. बेरीज-वजाबाकीत मात्र दशांशस्थळे पाहावीत. १२.४ आणि ३.२६ यांची बेरीज १५.६६ येते, ती १५.७ अशी लिहावी.

शून्याचे नियमही सरांनी सांगितले. ०.०५०७ मध्ये सुरुवातीची शून्ये सार्थ नाहीत, पण ५ आणि ७ यांच्यामधले शून्य सार्थ आहे. म्हणून एकूण तीन सार्थ अंक. २.५० मधले शेवटचे शून्य सार्थ आहे, मात्र ते खरोखर मोजलेले असले पाहिजे.

शेवटी सरांनी एव्हरेस्टची गोष्ट सांगितली. १८५६ मध्ये या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर झाले. हिशोबात नेमके २९,००० आले होते. पण लोकांना तो नुसता अंदाज वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, असे सांगतात. पुढे ८,८४८ मीटर ही उंची अनेक वर्षे मानली गेली. उपग्रहांची मदत मिळाल्यावर २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर उंची जाहीर केली. शेवटचे दोन अंक चांगल्या साधनांनी व कष्टाने मिळाले होते.

परतताना मी वहीतले ते शून्य खोडले. उत्तर लहान झाले, पण खरे झाले.

शब्दार्थ
मिठागर – मीठ तयार करण्याची जागा
उथळ – कमी खोल
ऐटीत – रुबाबात
ग्वाही – साक्ष, खात्री
जेमतेम – कसेबसे

स्वाध्याय
१. लेखकाने ७.८ पुढे शून्य का लिहिले?
२. सरांनी त्या शून्याला खोटी ग्वाही का म्हटले?
३. सार्थ अंक किती ते सांगा : ४०.६, ०.०३२, ७.१०
४. 'गप्प राहणे', 'खात्री असणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. वर्गातील टेबलाची लांबी व रुंदी मोजा. क्षेत्रफळ योग्य सार्थ अंकांत लिहा.