हजेरी देहाची आणि मनाची



हजेरीपटावर मुलाची हजेरी लागते. मन मात्र वर्गाबाहेर असू शकते. नमाजचेही तसेच आहे. दिव्य कुरआनने (२३:१-२) यशस्वी श्रद्धावंतांचे वर्णन करताना प्रथम नमाजमधील 'खुशू'चा, म्हणजे विनम्र एकाग्रतेचा, उल्लेख केला आहे.

ही एकाग्रता येते कोठून? इकामत ऐकू आली तरी धावू नका, शांतपणे चालत या, जेवढी नमाज मिळेल तेवढी जमातीसोबत अदा करा व राहिलेली नंतर पूर्ण करा, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा आशय बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आहे. अर्थात, मनाची शांती नमाजपूर्वीच सुरू होते.

एका शाळेत जोहरच्या वेळी मी स्वतःच "पळा, उशीर झाला!" असे ओरडत असे. मुले धापा टाकीतच सफीत उभी राहत. दोष त्यांचा नव्हता.

म्हणून शिक्षक-पालकहो, घंटेनंतर पाच मिनिटे मोकळी ठेवा. वुजू सावकाश होऊ द्या. धड्यापूर्वी क्षणभर थांबून 'बिस्मिल्लाह' म्हणा. मूल बोलत असेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा. आपण मनाने हजर असलो, तरच मुले ते शिकतील.

अल्लाह आपणा सर्वांना जागृत अंतःकरण प्रदान करो. आमीन.