शेवट कळण्याआधी

पोलीस खात्यात बळाच्या वापराच्या चौकश्या करताना जे पटलं, ते नव्या फौजदारांसाठी लिहितो.

१. चौकशीची सुरुवात व्हायरल व्हिडिओने किंवा शवविच्छेदन अहवालाने करू नये. आधी नियंत्रण कक्षाची नोंद वाचावी. ‘एकाकडे कोयता आहे’ असा निरोप मिळालेला शिपाई आणि नुसतं ‘भांडण चालू आहे’ एवढंच ऐकलेला शिपाई एकाच गल्लीत वेगळ्या मनाने शिरतात.

२. ‘शेवट विसरून विचार करा’ असं सांगून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकिकत लोकांना दिली, पण गटागटाला शेवट निराळा सांगितला. ज्याला जो शेवट कळला, तोच त्याला अधिक संभवनीय वाटला. माहीत नसल्यासारखं उत्तर द्या म्हटलं, तरी जमलं नाही. म्हणून कागदांचा क्रमच पाळायचा.

३. अमेरिकेतला ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ खटला प्रत्येकाने वाचावा. १९८४, शार्लट शहर. मधुमेही ग्रॅहम रस घ्यायला दुकानात गेला, रांग पाहून घाईने बाहेर पडला. अधिकाऱ्याला संशय आला, गाडी अडवली. पुढे बेड्या, झटापट, मोडलेला पाय. दुकानात काहीच घडलेलं नव्हतं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घातली: घटनास्थळी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने पाहा, मागाहून आलेल्या शहाणपणाने नव्हे.

वर्दीतले अनेक जण हे वाक्य ढालीसारखं वापरतात. ही ढाल मला मुळीच मान्य नाही. ग्रॅहमचा मित्र तिथेच त्याच्या साखरेच्या त्रासाबद्दल सांगत होता. ते कानावर पडलेलं होतं, म्हणजे हिशेबात धरायलाच हवं. आणि एखाद्याच्या खिशात मारहाणीनंतर चाकू सापडला, तर तो मारहाणीचं समर्थन होत नाही. मारताना तो कुणालाच ठाऊक नव्हता.

४. फक्त गोळीचा क्षण पाहणंही चूक. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ खटल्यात एकमताने सांगितलं, आधीची परिस्थितीही पाहा.

५. शाबासकीचीही घाई नको. मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं आहे की, चकमकीनंतर लगेच शौर्यपुरस्कार किंवा बढती देऊ नये. मी लाठीमारानंतरचा बक्षिसाचा प्रस्तावही चौकशी संपेपर्यंत वर पाठवत नसे.