पंख्याचा डोळा

मंडळी, पंखा आपण रोज पाहतो. बटण दाबले की तो फिरतो, बटण बंद केले की थांबतो. तो कसा फिरतो याचा विचार करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. आमच्या नेरळच्या रात्रीच्या वर्गात ती एकदा आली. तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून जे समजून घेतले, ते या पाठात सांगतो.

आमच्या वर्गात एक मावशी येतात. स्टेशनजवळ त्या पोळीभाजीचे डबे करून देतात. दिवसभर शेगडीपाशी काम. त्यामुळे त्यांचा पंखा रोज दहा तास चालतो. भिशीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी नवा पंखा घेतला. दुकानदार म्हणाला, "मावशी, हा नव्या मोटरचा पंखा. रिमोटवर चालतो. निम्म्याहून कमी वीज खातो." मावशींनी पैसे मोजून दिले. पण मनात शंका राहिली. रात्री वर्गात त्या म्हणाल्या, "गुरुजी, नव्या पंख्याला डोळा असतो म्हणतात. तो आपले फेरे आपणच मोजतो म्हणे. खरे का हो? आणि माझा पंखा नव्या जातीचा आहे की नाही, ते मला कसे कळणार?"

प्रश्न दोन होते. आधी पहिला घेऊ.

जुना पंखा कसा फिरतो?

आपल्या कर्जत तालुक्याला विजेची ओळख जुनी आहे. आंध्रा नदीवरील ठोकळवाडी धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीला उतरते आणि तेथे टाटांच्या वीजघरातील चाके फिरवते. हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्याआधी, १९१५ साली, खोपोलीचे वीजघर सुरू झाले होते. वीजघरात पाणी चाक फिरवते व वीज तयार होते. घरी तीच वीज पंखा फिरवते. एका फिरण्यातून दुसरे फिरणे, असा हा व्यवहार आहे.

आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. जुन्या पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. त्यांतून ही वीज गेली की भोवती चुंबकाचे बळ फिरू लागते. त्या बळामागे पंख्याचे बाहेरचे कवच ओढले जाते आणि पाती फिरतात. घरातला ४८ इंची पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. त्याला सुमारे ७० ते ७५ वॅट वीज लागते.

पण त्यातील बरीच वीज वाया जाते. बराच वेळ चाललेला पंखा बंद करून, पूर्ण थांबल्यावर, त्याच्या मधल्या गोळ्याला हात लावून पाहा. तो चांगलाच तापलेला असतो. ही उष्णता आपल्या पैशाचीच. शिवाय जुन्या पंख्याला आपण किती वेगाने फिरतो आहोत, याचा पत्ताच नसतो. संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला की तो मंदावतो. त्याला ते कळत नाही. आपल्याला घाम आला की आपल्याला कळते.

जाते आणि खुंटा

नव्या जातीच्या पंख्यात गुंडाळ्या मध्ये स्थिर असतात आणि बाहेरच्या कवचाला आतून पक्के चुंबक बसवलेले असतात. घरची वीज आधी एका दिशेने वाहणारी करून घेतली जाते. मग एक छोटे यंत्र ती वीज या गुंडाळीला, मग त्या गुंडाळीला, अशी पाळीपाळीने देते. प्रत्येक गुंडाळी आपल्या पाळीला चुंबकाला ओढते, ढकलते.

हे समजायला जाते आठवा. दोन बाया समोरासमोर बसून दळतात. खुंटा एकीच्या बाजूला आला की ती जोर लावते. तो पुढे गेला की दुसरी जोर लावते. खुंटा कोठे आहे हे दोघींच्या हाताला ठाऊक असते, म्हणून जाते हलके फिरते. खुंटा समोर नसतानाच जोर लावला, तर हात दुखेल आणि जाते अडेल.

नव्या पंख्याचेही तसेच आहे. चुंबक नेमका कोठे आला हे कळल्याशिवाय कोणत्या गुंडाळीला वीज द्यायची, हे ठरवता येत नाही. बाईला हात आहे. पंख्याला काय आहे? येथे डोळ्याचे काम येते.

उजेडाचा डोळा

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करा. पुठ्ठ्याची ताटाएवढी चकती कापा. घड्याळात जसे १२ आकडे असतात, तशा तिच्या कडेला सारख्या अंतरावर १२ फटी पाडा. मधोमध पेन्सिल खोचा. चकतीच्या एका बाजूला बॅटरी लावून धरा. दुसऱ्या बाजूला तळहात धरा. खोलीतला दिवा मालवा आणि चकती हळू फिरवा.

फट आली की तळहातावर उजेड पडतो. पुठ्ठा आला की अंधार होतो. एका फेऱ्यात उजेड बारा वेळा पडतो. दहा सेकंदांत चोवीस वेळा उजेड पडला, तर चकतीचे दोन फेरे झाले. चकतीकडे न पाहता, नुसत्या उजेडावरून आपण फेरे मोजले!

पंख्यातला डोळा असाच. एका बाजूला बारीक दिवा असतो. त्याचा प्रकाश पुष्कळदा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही अशा जातीचा असतो. दुसऱ्या बाजूला एक कण बसवलेला असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की तो विजेला वाट देतो, प्रकाश अडला की वाट बंद करतो. मधून फटींची चकती फिरते. यंत्र ही उघडझाप मोजत राहते. फटी आतल्या चुंबकांशी जुळवून पाडलेल्या असल्या, म्हणजे कोणता चुंबक कोठे आला हेही त्याच उजेडावरून कळते.

आता थोडे गणित. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो आहे. मिनिटाचे सेकंद ६०. म्हणजे सेकंदाला ५ फेरे. चकतीला १२ फटी असतील तर सेकंदाला ५ गुणिले १२, म्हणजे ६० उघडझापी. आपला डोळा एवढ्या मोजू शकत नाही. यंत्राला त्यात काही विशेष वाटत नाही.

मोजून काय मिळते?

पहिला फायदा वेगाचा. समजा, आपण ३०० फेरे मागितले. यंत्राने मोजल्या सेकंदाला ५६ उघडझापी. म्हणजे फेरे झाले २८०. वीस कमी पडले. यंत्र लगेच जरा जास्त जोर लावते. उघडझापी ६० झाल्या की जोर तेवढाच ठेवते. म्हणून विजेचा दाब थोडा उतरला तरी असा पंखा मंदावत नाही.

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. पात्यात दोरी किंवा कपडा अडकला आणि पंखा जागीच थांबला, तर उघडझाप बंद पडते. वीज जाते आहे, पण फेरे होत नाहीत, हे यंत्राला कळते. तशी सोय केलेली असेल तर ते वीज तोडते आणि गुंडाळी जळण्यापासून वाचते.

तिसरा फायदा दिशेचा. खिडकीतल्या वाऱ्याने बंद पंखा कधी उलटा फिरत असतो. एकच डोळा असेल तर फिरणे कळते, दिशा कळत नाही. म्हणून दोन डोळे थोड्या अंतरावर बसवतात. उजेड आधी कोणत्या डोळ्याला दिसला, यावरून दिशा ओळखता येते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीज वाचते ती पक्क्या चुंबकांमुळे आणि योग्य वेळी दिलेल्या जोरामुळे. डोळा स्वतः वीज वाचवत नाही. तो फक्त खरे काय चालले आहे ते सांगतो.

आणि डोळा म्हटला की त्यात धूळ जाणारच. काजळी, किडे, कोळ्याचे जाळे यांनी उजेड अडला तर मोजणी चुकते. म्हणून काही कारखानदार उजेडाऐवजी चुंबकाचे बळ ओळखणारा कण वापरतात. ज्या गुणावर तो चालतो, तो एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधला. पुष्कळ पंख्यांत तर वेगळा डोळा नसतोच. फिरत्या चुंबकामुळे गुंडाळीत उलट दाब उमटतो, त्यावरून यंत्र जागा ओळखते. असा पंखा थांबलेला असताना तो दाब नसतो. म्हणून काही पंखे सुरू होताना क्षणभर मागेपुढे चाचपडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वाट कोणतीही असो, स्वतःची जागा जाणणे हे या पंख्याचे मर्म आहे.

मीटरचा दिवा

आता मावशींचा दुसरा प्रश्न. पंखा न उघडता त्याची जात कशी ओळखावी? त्याचा डोळा आत असतो, तो दिसत नाही. पण आपला डोळा आपल्यापाशी आहे!

घरातला नवा वीजमीटर पाहा. त्यावर एक लहान लाल दिवा लुकलुकतो. जवळच इंग्रजी आकड्यांत एक संख्या छापलेली असते. मावशींच्या मीटरवर ती ३२०० होती. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरत असे व तिच्या कडेला काळी किंवा लाल खूण असे. त्या खुणेवरून फेरे मोजता येत. पंख्यात दिवा लागतो आणि यंत्र मोजते. मीटरवर दिवा लागतो आणि आपण मोजायचे.

आम्ही मावशींना सांगितले, "घरातले बाकी सर्व बंद करा. फ्रिजसुद्धा. एकटा पंखा पूर्ण वेगात चालू ठेवा. घड्याळ लावून दहा मिनिटे दिवा मोजा. दर वेळी कागदावर रेघ ओढा." हिशेब असा होता. पंखा ७५ वॅटचा असेल तर दहा मिनिटांत ४० चमका. ३० वॅटचा असेल तर १६.

दुसऱ्या दिवशी मावशी कागद घेऊन आल्या. पाच-पाचाचे गट करून रेघा ओढलेल्या होत्या. सात गट आणि वर दोन. म्हणजे ३७.

वर्ग गप्प झाला. आम्ही फळ्यावर मांडले. दहा मिनिटांत ३७, तर तासात ३७ गुणिले ६, म्हणजे २२२. त्याला ३२०० ने भागून १००० ने गुणले. उत्तर आले सुमारे ६९ वॅट. पंखा जुन्या मोटरचाच होता. रिमोट तेवढा नवा होता.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे मला फसवले?" आम्ही म्हणालो, "आधी खोका आणा." खोक्यावर इंग्रजी सात आणि शून्य आणि पुढे वॅटचे अक्षर होते. पंख्यावरही तेच होते. दोन वर्षांपूर्वी त्या आकड्याकडे मावशींनी पाहिलेही नसते. आज त्यांनी स्वतः बोट ठेवून वाचले, "सत्तर!"

दुकानदार आधी म्हणाला, "तुमचा मीटर चुकीचा असेल." मावशींनी वाद घातला नाही. कागद पुढे केला, मग खोक्यावर बोट ठेवले. दुकानदाराने चष्मा लावून वाचले आणि तोही गप्प झाला. कदाचित त्याला स्वतःलाच रिमोट आणि मोटर यांतला फरक ठाऊक नसेल. त्याने पंखा परत घेतला. वरचे पैसे भरून मावशींनी ३० वॅटचा पंखा आणला. घरी लावून पुन्हा मोजले. चमका १६!

फायदा किती?

७५ वॅटचा पंखा रोज १० तास, ३० दिवस चालला तर साडेबावीस युनिट होतात. ३० वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात ९ युनिट घेतो. महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. समजा, युनिटचा दर ८ रुपये धरला, तर १०८ रुपये वाचले. नवा पंखा दीड हजारांनी महाग असेल, तर ते पैसे सुमारे चौदा महिन्यांत भरून निघतील. पण ज्याचा पंखा दिवसाला दोनच तास चालतो, त्याला सत्तर महिने लागतील. तेव्हा आपल्या बिलावरचा दर आणि आपले तास घेऊन ज्याने त्याने हिशेब करावा.

कमी विजेचे हे पंखे आता अनेक कंपन्या करतात. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ साली ॲटमबर्ग ही कंपनी काढली आणि पुढे असे पंखे घरोघर पोहोचवले. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांची चिठ्ठी सरकारने सक्तीची केली आहे. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त हवा. चिठ्ठीवर वॅटही पाहा आणि हवेचा आकडाही पाहा. वॅट कमी आणि वाराही नाही, असा पंखा काय कामाचा?

काळजी घ्या

नवा पंखा जुन्या रेग्युलेटरवर लावू नका, यंत्र बिघडते. चालत्या पंख्याला काही चिकटवू नका, हात लावू नका. पंखा स्वतः उघडू नका. बटण बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठलेली असू शकते. ते काम वायरमनचे.

मंडळी, पंखा आपले फेरे मोजतो, म्हणून तो कोठे कमी पडतो ते त्याला कळते. मावशींनी चमका मोजल्या, म्हणून दुकानात त्यांना आवाज चढवावा लागला नाही. तुम्हीही आज घरी जाऊन मीटरवरचा आकडा वाचा.

अभ्यास

१. तुमच्या मीटरवर कोणता आकडा छापला आहे? तो वहीत लिहा.

२. चकतीला १२ फटी आहेत. पंखा मिनिटाला २४० फेरे घेतो. सेकंदाला उघडझापी किती?

३. जात्याचा खुंटा आणि पंख्याचा चुंबक यांत काय सारखे आहे? घरातल्यांना सांगा.

४. तुमच्या पंख्याच्या चमका दहा मिनिटे मोजा. कागद पुढच्या वर्गाला आणा.