‘फिरोज’ नाव ठेवावे काय?

आजोबांचे ‘फिरोज’ हे नाव नातवाला द्यावे, अशी घरच्यांची इच्छा असते, आणि ऐन अकीक्याच्या दिवशी कोणी म्हणतो, ‘हे मजूसींचे नाव, शिवाय हजरत उमर (रजि.) यांच्या मारेकऱ्याचे, बदलून टाका.’ मोखाड्यातील एका कुटुंबाने याविषयी विचारणा केली आहे.

हा शब्द फारसी आहे. त्याचे जुने रूप ‘पीरोज’. अर्थ विजयी, यशस्वी. अरबीत ‘प’ हा ध्वनी नसल्याने त्याचा ‘फ’ झाला. मराठीतील ‘पिरोजा’ या रत्नाच्या नावात तो जुना ‘प’ अजून ऐकू येतो. इस्लामपूर्व इराणात या नावाचे सासानी बादशाह होऊन गेले, हेही खरे.

परंतु शरियत नावाची भाषा नव्हे, अर्थ पाहते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाईट अर्थाची अरबी नावेसुद्धा बदलली. ‘राजांचा राजा’ हे नाव अल्लाहला अत्यंत नापसंत असल्याचे हदीसमध्ये आले आहे; त्याचे उदाहरण म्हणून हजरत सुफियान यांनी फारसी ‘शहनशाह’ सांगितले. तेथे दोष फारसीचा नाही, मनुष्याच्या अहंकाराचा आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्यावर हिजरी 23 मध्ये फज्रच्या नमाजात वार करणारा अबू लुलू याचे नाव फिरोज होते. तथापि त्यापूर्वी हिजरी 11 मध्ये यमनमधील खोटा नबी अस्वद अन्सी याचा अंत करणारे सहाबीही हजरत फिरोज दैलमी (रजि.) हेच होते. त्यांचे नाव बदलले गेले नाही. त्यांच्या पुत्राने कथन केलेल्या हदीसच्या सनदीत ते आजही वाचले जाते. एका अपराध्यामुळे सहाबींचे नाव टाकून द्यावे, हा न्याय नव्हे.

शब्द तर सीमा ओलांडतच असतात. शेजारच्या जव्हारचे मुकणे राजे नेमशाह यांना 1343 मध्ये मुहम्मद तुघलकाकडून ‘शाह’ हा किताब मिळाला. तो फारसी शब्द त्या कोळी राजघराण्यात पुढे विक्रमशाह, पतंगशाह अशा नावांतून नांदला. त्यापायी कोणाचा धर्म बदलला नाही.

म्हणून आजोबांचे नाव निःशंकपणे ठेवावे. मुलाला त्याचा अर्थ सांगावा, हजरत फिरोज दैलमी (रजि.) यांची हकीकत सांगावी. कयामतच्या दिवशी आपल्याला आपल्या व वडिलांच्या नावाने पुकारले जाईल. त्या पुकाराला मान वर करून उत्तर देता यावे, असे आचरण मुलाला शिकवणे, ही नाव ठेवण्याहून मोठी जबाबदारी आहे.