रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास आहेच

रक्त तपासलं, ईसीजी काढला, सोनोग्राफी झाली, कुणीतरी सुचवलं म्हणून डोक्याचा एमआरआयही झाला. सगळं नॉर्मल. पण डोकं जडच, छातीत धडधड सुरूच आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. वाळूजला पाळीत काम करणारा तरुण असो, कपाशी हातची गेलेला फुलंब्रीकडचा शेतकरी असो की शहागंजातल्या खाला असोत, ही तक्रार आमच्या ओपीडीत रोजची. कुणी म्हणतं ‘हातपाय गळून जातात’, कुणी म्हणतं ‘दिल घबरा रा’. ‘मी उदास आहे’ असं म्हणत येणारा विरळाच.

‘आपल्याकडची माणसं मनातलं बोलतच नाहीत’ असं यावर सर्रास म्हटलं जातं. जगातली आकडेवारी वेगळं सांगते. १४ देशांतल्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपलं बंगळुरूही होतं. डिप्रेशन असलेल्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोक फक्त शारीरिक तक्रार घेऊन आले होते. मनाबद्दल थेट विचारलं, तेव्हा मात्र नाही म्हणणारे ११ टक्केच निघाले. म्हणजे आधी अंगाचं दुखणं सांगणं ही साऱ्या जगाची रीत आहे. विचारणारा भेटला की माणूस बोलतो.

गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली होती. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध तिथे जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट दिसला. अशा बाईला नुसतं अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ती महिन्याभरात पुन्हा दारात उभी राहणार.

विचारणारा गावातच भेटला तर काय होतं, याचा मराठवाड्यासाठी जवळचा दाखला विदर्भातला आहे. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञांची जोड दिली. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही घटलं.

आता तुम्ही काय करायचं?

• आधी शरीर तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर यांच्या गडबडीतूनही थकवा आणि धडधड होते. छातीत दुखून घाम आला, धाप लागली, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

• रिपोर्ट चांगले असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप बिघडली असेल, भूक मेली असेल, कशातच मन रमत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ओपीडीच्या गर्दीत आम्ही डॉक्टर विचारायचं विसरतो. एका चिठ्ठीवर लिहून नेलंत तर उत्तम. घरातली काळजी, कर्ज, दारू हेही त्यात येऊ द्या.

• झोपेची गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. डिप्रेशनच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, मनानेच बंद करू नका.

• घरच्यांनी ‘एवढं काय झालंय तुला?’ हे वाक्य टाळावं. ‘जीव नकोसा होतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे गेल्याने कपाळावर वेडेपणाचा शिक्का बसत नाही. जाणं जमत नसेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं.

आणि नवी तपासणी लिहून मागण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा, ‘साहेब, झोपेचं आणि मनाचंही सांगायचंय, पाच मिनिटं द्या.’