सामायिक गणनसुविधा आणि चिकित्साचतुष्पाद

प्रास्ताविक : आयुर्वेदीय संशोधन म्हटले की ग्रंथ, वनौषधी, प्रयोगशाळा व रुग्णालय ही चार स्थाने डोळ्यांसमोर येतात. त्यांत गणनसुविधेचे पाचवे स्थान जोडणे आता क्रमप्राप्त आहे. महासंगणक बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने तो अनेकांनी मिळून वापरावा लागतो. साहजिकच त्याच्या पोषणाचा भारही सर्वांवर येतो.

प्रयोजन : हैदराबाद येथील सीसीएमबी व अन्य संस्थांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रकृतिविषयक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३४१६ व्यक्तींमधून स्पष्ट प्रकृतीचे २६२ पुरुष निवडून त्यांच्या जनुकसंचातील लक्षावधी स्थाने तपासली गेली. वात, पित्त व कफ या गटांत लक्षणीय भेद दाखविणारी ५२ स्थाने मिळाली. हा भेद केवळ योगायोगाचा नव्हे, हे पडताळण्यासाठी दहा लाख क्रमपालट करण्यात आले. क्रमपालट म्हणजे व्यक्तींवरील प्रकृतीच्या नोंदी यदृच्छेने अदलून-बदलून पुनःपुन्हा तीच गणना करणे. असे कार्य हाताने अशक्यच होय.

अशा सुविधेच्या पोषणाचा विचार चरकोक्त चतुष्पादांच्या आधारे करता येतो.

१) द्रव्य : येथे द्रव्य म्हणजे यंत्र. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता मिळाली. त्याअंतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' उभा राहिला. 'अनेकविधकल्पना' हा द्रव्यगुण येथे तंतोतंत लागू पडतो, कारण हवामान, पदार्थविज्ञान, औषधी रेणू इत्यादी नाना विषयांची गणिते एकाच यंत्रावर रांगेने सोडविली जातात. संशोधक दुरूनच जालाद्वारे आपले काम पाठवितो व नेमून दिलेल्या वेळेत ते पूर्ण होते.

२) उपस्थाता : हा पाद सर्वाधिक उपेक्षित आहे. यंत्रखरेदीसाठी एकरकमी अनुदान मिळते. परंतु वीज, शीतकरण, दुरुस्ती व जाणकार कर्मचारी यांचा खर्च दरवर्षीचा असतो. नवी आज्ञावली बसविणारा, अडलेले काम सोडविणारा व नवशिक्यास शिकविणारा कर्मचारी टिकला नाही, तर कोट्यवधींचे यंत्र परिचारकाविना रुग्णालयासारखे होते. म्हणून अनुदान मागतानाच मनुष्यबळाची तरतूद मागितली पाहिजे.

३) रोगी : रुग्णाच्या गुणांत 'ज्ञापकत्व' सांगितले आहे. गणनेत हा गुण माहितीच्या ठायी हवा. एकाच व्याधीस एकाने 'आमवात', दुसऱ्याने 'आम-वात' असे लिहिले, तर यंत्र त्यांना दोन व्याधी मानते. आमवात व संधिगतवात या दोहोंस केवळ 'सांधेदुखी' म्हटले, तर तो भेद कोणताही महासंगणक नंतर शोधून देऊ शकत नाही. आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवरील प्रमाण संज्ञा व संकेतांक याचसाठी आहेत. रुग्णाची संमती घेणे व माहिती पाठविण्यापूर्वी त्याचे नाव-पत्ता वगळणे हेही तितकेच आवश्यक.

४) भिषक् : चतुष्पादांत भिषक् प्रधान, येथे ते स्थान प्रश्न विचारणाऱ्या संशोधकाचे. प्रश्न सुस्पष्ट नसेल तर यंत्राचा वेळ व्यर्थ जातो आणि रांगेतील दुसऱ्याचा हक्क बुडतो. निबंध प्रसिद्ध करताना वापरलेल्या सुविधेचा ऋणनिर्देश अवश्य करावा, कारण पुढील निधी मागताना सुविधाचालकांना असे निर्देश पुरावा म्हणून दाखविता येतात.

सारांश : महासंगणक वैद्याच्या परीक्षेची जागा घेत नाही. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातही प्रकृतिनिश्चिती अचूक नसती, तर दहा लाख क्रमपालट निष्फळ ठरले असते. चारही पाद गुणवान असतील तरच कार्यसिद्धी होते. त्यांपैकी तिसरा पाद सर्वस्वी आपल्या हाती आहे. प्रत्येक वैद्याने निदान, प्रकृती, औषध, मात्रा, काल व परिणाम यांची प्रमाण संज्ञांत नोंद ठेवावी. या सामायिक सुविधेस तोच आपला खरा हातभार होय.